राजाच्या नावाभोवतीचं कडं

आबा,

ते खापर अजून माझ्याकडे आहे. पुनावळ्याच्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात, कपाटाच्या खालच्या खणात, तुमच्याच धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय. तळहाताएवढा तांबूस तुकडा, त्यावर खिळ्याने कोरलेलं एक नाव आणि नावाभोवती लांबट कडं. त्या नावाबद्दल तुम्ही शेवटपर्यंत जे खरं मानलंत, ते खरं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं, आणि त्या खोट्यावर माझं शिक्षण, माझी नोकरी, माझा सगळा संसार उभा राहिला. तुम्हाला जाऊन इतका काळ झाला की तुम्ही गेलात ते वय मी कधीच मागे टाकलंय. आता बापापेक्षा मुलगाच म्हातारा, असं उलटंच होऊन बसलंय. तरी तुम्हाला लिहायला बसलो की मी सतरा वर्षांचा असतो आणि पायांना घोट्यापर्यंत माती लागलेली असते.

चिंचवडातली आपली बोळ, खाली पवनेचं पात्र, मागे मडकी भाजायचा आवा. मी माती तुडवतोय. राख नि लीद मिसळलेली काळी माती, थंडीच्या सकाळी तळपायाला झोंबणारी. तुडवताना मी शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणतो. भुजंगप्रयात मातीला फार बरा बसायचा. लगागा लगागा म्हटलं की टाच आपोआप पडायची आणि ओळ संपली की पाऊल वळायचं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण चाल कळत होती. "आज तुजी कविता लंगडतीया," चाकावरची मान वर न करता तुम्ही म्हणायचात, आणि खरोखरच कुठेतरी एखादं अक्षर मी गिळलेलं असायचं. पुढे मला वृत्तं शिकवणारे पुष्कळ भेटले, पण ओळीचा पाय कुठे मुरगळतो ते इतक्या लांबून ऐकणारं कुणी भेटलं नाही.

ते छप्पन्न साल. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा वर्तमानपत्रात मिसर देशातल्या कालव्यावरून पेटलेली लढाई होती. आमचे इतिहासाचे मास्तर पेपर घडी करून खिशात घालत म्हणाले, "ही लढाई चार दिवसांत शिळी होईल. मी तुम्हाला शिळी न होणारी दाखवतो." आणि त्यांनी फळ्यावर राजा काढला. मुकुट फळ्याच्या वरच्या कडेला टेकला एवढा उंच. एक पाऊल पुढे टाकलेलं, एका मुठीत गुडघे टेकलेल्या शत्रूंच्या केसांचा जुडगा, दुसऱ्या हातात उगारलेली गदा. शत्रू त्याच्या गुडघ्याएवढाले. डोक्यावर पंख पसरलेला ससाणा, कपाळावर फणा काढलेला नाग, आणि समोर शांत उभा असलेला देव. "हे लढाईचं चित्र आहे असं वाटतं ना? नाही. हा नैवेद्य आहे," मास्तर म्हणाले. राजा म्हणजे त्यांच्या लेखी जिवंत ससाणा-देव. तो मेला की मृतांच्या देवात मिसळायचा आणि गादीवर बसणारा मुलगा नवा ससाणा व्हायचा. त्याचं एकच काम, जगाची घडी मोडू पाहणाऱ्याला देवासमोर ठेचायचं. त्या घडीला ते लोक मात म्हणत. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मात झाली म्हंजे राजा हारला का, सर?" मास्तर हसले नाहीत. "त्यांची मात म्हणजे सूर्य वेळेवर उगवणं, नदीला वेळेवर पूर येणं, तराजू न झुकणं. ती राखली म्हणून तो राजा. आणि म्हणून भिंतीवरचा राजा कधी हरत नाही." मग त्यांनी सांगितलं की एका राजाने आपल्या फार जुन्या पूर्वजाच्या देवळातली लढाई आपल्या देवळात जशीच्या तशी उतरवून घेतली होती, हरलेल्या शत्रूंच्या कुटुंबाची नावंसुद्धा तीच. ती लढाई या राजाने केली की नाही, हे विचारायचं कारणच नव्हतं. कोरलं, म्हणजे ते घडत राहिलं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी माती तुडवत तुम्हाला सांगितलं. शेजारचे न्हावीकाका तंबाखू मळत उंबऱ्यावर बसले होते. राजा शत्रूचे केस धरतो म्हटल्यावर ते म्हणाले, "आदी माझ्याकडं धाडायचं व्हतं त्यांना. धरायला केसच ऱ्हायलं नसतं." वरच्या देशाचा मुकुट पांढरा आणि खालच्या देशाचा तांबडा, आणि राजा दोन्ही एकात एक बसवून डोक्यावर घालतो, हे ऐकून तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "पांढरी टोपी बी आन् लाल टोपी बी? त्यो राजा न्हाई राव, पुढारी असंल." राजाच्या चपलांच्या तळव्यांवर शत्रूंची चित्रं असायची, म्हणजे चाललं तरी शत्रू तुडवला जावा, हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे निम्मी लढाई चपला शिवनाऱ्यानंच केली." पण मी मेंढ्याच्या डोक्याच्या देवाची गोष्ट काढली आणि तुमचं चाक थांबलं. हा देव राजाला जन्माआधी चाकावर घडवतो, मास्तरांनी फळ्यावर चाकसुद्धा काढलं होतं.

"चाकावर?"

"व्हय. आपल्यासारखंच. माती घेऊन."

"मेंढ्याचं डोकं म्हंजे धनगराचा देव दिसतूय. पर काम आपलं करतूय," तुम्ही म्हणालात. बराच वेळ चाकाच्या कडेवर नुसता हात ठेवून बसलात. मग मी सांगितलं की तो देव दोन घडवतो, एक राजा आणि दुसरा त्याचा का.

"का म्हंजे?"

"का म्हणजे का."

"आरं पर का? दोन कशापायी?"

"तेच सांगतोय आबा, दुसऱ्याचं नावच का."

न्हावीकाका हसून हसून खोकायला लागले. का म्हणजे माणसाबरोबर जन्मणारं, दिसत नाही असं त्याचंच दुसरं रूप, हे मी कसंबसं समजावलं. तुम्ही मान हलवलीत. "कळलं. येक वापरायला, येक जपायला." आबा, मी पुढे त्या विषयावरची जाडजूड पुस्तकं वाचली. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

त्याच सकाळी मी तुम्हाला ती दुसरी गोष्ट सांगितली, लाल मडक्यांची. मिसरचे पुजारी राज्याच्या शत्रूंची नावं लाल मडक्यांवर लिहायचे, मंत्र म्हणायचे आणि ती मडकी फोडून पुरायचे. मडकं फुटलं की नाव फुटलं, नाव फुटलं की माणूस संपला. आणि राजाच्या नावाला मात्र दोरीचं लांबट कडं असायचं, नावाला काही लागू नये म्हणून. मास्तर म्हणाले होते, आपण एखाद्याच्या नावानं खडे फोडतो, ते मडकी फोडायचे. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही हसला नाहीत. "आपुन फोडायसाठी मडकं देतो ते येकच," तुम्ही म्हणालात. ते मला ठाऊक होतं. कुणाच्या घरी माणूस गेलं की बोळीच्या तोंडाशी कुणीतरी येऊन गप्प उभं राहायचं. तुम्ही काही न विचारता उठून मडकं काढून द्यायचात. ते तुम्ही कधी टिचकी मारून बघितलं नाहीत. मग स्मशानात ते खांद्यावर धरून कुणाचा तरी मुलगा चितेभोवती फिरायचा आणि मागे न बघता टाकून द्यायचा. "जितेपनी कुनाचं मडकं फोडायचं नसतं," एवढं बोलून तुम्ही पुन्हा चाकाला गती दिलीत.

आणि पंधरा दिवसांत तुम्ही मला शाळा सोडायला सांगितलंत. पिंपरीच्या बाजूला कारखाने उठत होते. माणसं अल्युमिनियमची भांडी घेऊ लागली होती, माठ नि रांजण सोडले तर मडक्याला कुणी विचारत नव्हतं. तुमच्या ओळखीचा एक मुकादम म्हणाला होता की संक्रांतीनंतर पोराला घेऊन ये, चिकटवतो. मॅट्रिकला फक्त एक वर्ष उरलं होतं. मी म्हणालो, एक वर्ष. तुम्ही म्हणालात, "वरीस कुनी बघितलंय? शाळंतल्या राजांनी चूल पेटत न्हाई." आई चुलीपाशी होती, तिने लाकूड आत सारलं. मी उलट बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तुम्ही हात उगारलात आणि खाली घेतलात. मारलं असतंत तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, म्हणजे माझ्या रागाला धरायला काहीतरी मिळालं असतं.

संक्रांतीची सुगडं अंगणात वाळत होती. अर्धवट वाळलेलं एक मी उचललं, आव्यामागे नेलं आणि खिळ्याने त्यावर नाव कोरलं. तुमचं, आबा. शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. ज्या सुगडात बायका ऊस, बोरं, हरभरा भरून ओवसतात, त्यावर. मग ते मी माझ्या हाताने आव्यात मधोमध, उपडं ठेवलं. आवा पेटला, धुमसला, निवायला ठेवला. इतक्या वेळात कुणाचाही राग उतरावा. माझा उतरला नाही, भाजून पक्का झाला. हे मी आज मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की रागाच्या भरात घडलं. रागाचा भर एवढा टिकत नाही. मला काय हवं होतं? तुम्ही मरावंत असं नाही. पण तुम्ही नसतात तर मी शाळेत जाऊ शकलो असतो, एवढं वाक्य मी मनात पूर्ण केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही नदीवर गेलात असं समजून, मी ते सुगड आव्यामागच्या दगडावर आपटलं. त्याचे तीन तुकडे झाले. पण नाव फुटलं नाही. सगळी अक्षरं एकाच तुकड्यावर, जशीच्या तशी. मी तो पुन्हा आपटायला उचलला आणि तुम्ही समोर उभे. फुटलेल्या मडक्याचा आवाज कुंभाराला नदीच्या पलीकडून येतो, हे मी विसरलो होतो. तुम्ही माझ्या हातातून तुकडा घेतलात, अंगठा अक्षरांवरून फिरवलात.

"काय लिवलंय?"

"नाव आहे."

"कुनाचं?"

आणि मी म्हणालो, "मिसरच्या राजाचं." मला दुसरं काही सुचलंच नाही. सुगड हातातून सुटलं, असंही पुढे म्हणालो. तुम्ही तुकडा उजेडाकडे धरलात. तुमच्या डोळ्यांत संशय नव्हता, कारागिराची उत्सुकता होती. "मग त्येच्याभवती दोरी का न्हाई? राजाच्या नावाला दोरीचं कडं असतंय म्हनालास." मी खिशातून तोच खिळा काढला आणि तुमच्या देखत, भाजलेल्या मातीवर खरडत खरडत, नावाभोवती कडं काढलं. खिळा घसरत होता. तुम्ही तुकडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होतात, मला सोपं जावं म्हणून.

तुम्ही ते खापर चाकाशेजारच्या कोनाड्यात, तेलाच्या दिव्याजवळ ठेवलंत. "फुटलं तर फुटलं, राजा हाय त्यो. आन् चाकावरचाच हाय." मी शाळेत जाणं बंद केलं. संक्रांत झाली. मुकादमाचा निरोप यायचा होता. मी माती तुडवत होतो, पण कविता म्हणत नव्हतो, आणि तुम्ही त्याबद्दल एकदाही विचारलं नाहीत.

मग मास्तर आले. हातात छत्री, कोटाला खडूची धूळ. मी बरेच दिवस शाळेत दिसलो नाही म्हणून विचारायला. तुम्ही त्यांना घोंगडी अंथरलीत, आईने चहा टाकला. मास्तरांनी शाळेचं काढताच तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "आमच्या हातात न्हाई, मास्तर." पाहुण्याला काहीतरी दाखवावं म्हणून तुम्ही कोनाड्यातून ते खापर काढलंत. "ह्ये बगा. तुमच्या मिसरचा राजा. पोरानं काढलाय."

मी आव्याच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो. मास्तरांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी नाव वाचलं. मग तुकड्याची फुटकी कड बोटाने चाचपली, सुगडाचा तांबडा रंग बघितला, आणि माझ्याकडे पाहिलं. लाल मडक्यांची गोष्ट मला त्यांनीच सांगितली होती. आबा, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

"यावर कुणाचं नाव आहे म्हणाला हा?" त्यांनी तुम्हाला विचारलं.

"राजाचं."

"हे तुमचं नाव आहे," मास्तर म्हणाले. आणि माझ्यावरची नजर न काढता, एकेक शब्द मोजून, पुढे म्हणाले, "भोवती राजाचं कडं घातलंय. पोराने तुम्हाला राजा केलंय."

तुम्ही हसला नाहीत, रडला नाहीत. खापर परत घेतलंत आणि पुन्हा अंगठा फिरवलात. इतके दिवस त्याच अक्षरांवरून फिरत होता तो अंगठा, पण आता सावकाश, जणू गरम आहे. मग विचारलंत, "ह्यातलं पयलं अक्षर कुठलं?" मास्तरांनी बोट ठेवून दाखवलं. तुम्ही त्या अक्षराकडे बराच वेळ बघत राहिलात. मास्तर निघताना मला बोळीच्या तोंडाशी एवढंच म्हणाले, "उद्या प्रार्थनेच्या आधी ये." त्यानंतर मॅट्रिक होईपर्यंत आणि पुढेही त्यांनी तो विषय काढला नाही. शिकवताना माझ्याकडे पाहायचे ते मात्र थोडं अधिक कडक, अधिक थांबून.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही डोक्याला पटका बांधलात आणि मुकादमाकडे गेलात, स्वतः. पोराच्या जागी मला घ्या म्हणून. आगीचा रंग बघून उष्णता सांगता येते म्हटल्यावर त्यांनी तुम्हाला बॉयलरवर लावलं. तुमची शिफ्ट, तुमचा निळा गणवेश, दापोडीपासूनचे कामगार आणि तुम्ही एकाच रांगेत. चाक भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. कोळशाच्या धुराने तुमचा खोकला सुरू झाला तो राहिला नाही. एकदा मी म्हणालो, आबा, आता माझी परीक्षा झाली, तुम्ही सोडा. तुम्ही म्हणालात, "राजानं गादी सोडायची नसती." न्हावीकाका बाजूलाच होते, ते हसले, तुम्हीही हसलात. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कोरलं म्हणजे ते घडत राहिलं, असं मास्तर म्हणाले होते. मी ते वाक्य पुढे ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारताना, मुलांना वाढवताना, रात्रंदिवस घोळवत आलो. शत्रूचं म्हणून कोरलेलं नाव तुम्ही राजाचं म्हणून जगलात. माझ्या शिवीला तुम्ही पदवी समजलात आणि त्या पदवीला शोभेल असंच वागलात, घडी मोडू दिली नाहीत. त्यात खोटं कुठलं आणि खरं कुठलं, हे मला आता सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की तुमचा मोठेपणा माझ्या शब्दावर उभा होता असं तुम्हाला वाटायचं, आणि तो शब्द मी कधी दिलाच नव्हता.

तुम्ही गेलात तेव्हा मडकं बाजारातून आणावं लागलं. आपल्या बोळीत तोवर आवा पेटवणारं कुणी उरलं नव्हतं. मी ते खांद्यावर घेतलं. तिसरा फेरा झाला, मागे टाका, असं कुणीतरी दोनदा म्हणालं, आणि माझी बोटं सुटेनात. लोकांना वाटलं मुलगा फार दुःखात आहे. होतोच. पण मला त्याच वेळी आव्यामागचा तो दगड दिसत होता, आणि हे मडकं मी आधीच एकदा फोडलंय, असं वाटत होतं. शेवटी शेजारच्यांनी माझ्या मनगटाला धक्का दिला.

आता हे लिहून झालंय. पाकिटात घालायचं नाही, कारण पत्ता नाही, आणि असता तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवत असे, हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुम्ही भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकलं असतंत. मातीच्या, कवितांच्या, न्हावीकाकांच्या गोष्टी मी न अडखळता वाचल्या असत्या. मग खिळ्याची आणि सुगडाची जागा आली असती. तिथे, आबा, मी कागदावर डोळे ठेवूनच दुसरं काहीतरी वाचलं असतं.